चंद्रोदयाची वेळ खाली दिली आहे

संकष्टी चतुर्थीची संध्याकाळ. दिवसभराचा उपास झालेला, मोदक झाकून ठेवलेले आणि सगळं घर एका प्रश्नापाशी अडलेलं: चंद्रोदय किती वाजता? १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ सुरू केलं, तेव्हापासून कित्येक घरांत याचं उत्तर खिळ्याला टांगलेलं असायचं. तारखेच्या चौकटीत बारीक टायपात छापलेलं. ते वाचायला चष्मा लागायचा, वेळ लागत नसे.

आता फोनला विचारतात. फोन तत्परतेने दहा लेख पुढ्यात टाकतो. पहिल्याचं शीर्षकच दोन ओळींचं असतं: आज संकष्टी चतुर्थी, जाणून घ्या शुभ मुहूर्त, पूजाविधी, महत्त्व आणि तुमच्या शहरातील चंद्रोदयाची अचूक वेळ. लेख उघडला की पहिलं वाक्य सांगतं, हिंदू धर्मात संकष्टी चतुर्थीला विशेष महत्त्व आहे. सकाळपासून साबुदाण्याच्या खिचडीवर काढलेल्या बाईला ही माहिती नव्याने मिळते. मग गणपती ही बुद्धीची देवता असल्याचा खुलासा. मग हप्त्यावर मिळणाऱ्या फ्रिजची जाहिरात. मग ठळक अक्षरांत उपशीर्षक येतं, ‘संकष्टी चतुर्थीला चंद्रोदय किती वाजता आहे?’ आणि जीव भांड्यात पडतो. त्याखालचं वाक्य असतं, ‘संकष्टी चतुर्थीला चंद्रोदय किती वाजता आहे, असा प्रश्न अनेक भाविकांना पडतो.’ वेळ सापडते ती अगदी तळाशी, मुंबई-ठाणे-पुण्यापासून सुरू होणाऱ्या तक्त्यात. परभणी येईपर्यंत चंद्र शेजारच्या पाण्याच्या टाकीवर आलेला असतो.

हा मजकूर लिहिणाऱ्याला कुणी मंदबुद्धी समजू नये. वाचकाला चार आकड्यांपलीकडे काही नको आहे, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. पण त्याचा पहिला वाचक ती उपाशी बाई नसतेच मुळी. कचेरीत साहेबांना भेटायचं तर आधी दाराशी स्टुलावर बसलेल्या शिपायाची मर्जी सांभाळावी लागते, तसा त्याला आधी गूगल सांभाळावा लागतो. आणि पंचाईत अशी की गेल्या तीस वर्षांत या स्टुलावरचा शिपाई सतत बदलत आला आहे. एकाला पान चालायचं, दुसऱ्याला वासही सहन होत नाही. जाहिरात आणि वेबसाइटचा मजकूर लिहिणारी जमात, म्हणजे ज्यांना धंद्यात कॉपीरायटर किंवा हल्ली कंटेंट रायटर म्हणतात ती मंडळी, प्रत्येक नव्या शिपायाच्या सवयी शिकत आणि विसरत आली आहेत.

इंटरनेटच्या आधी सगळं निर्मळ होतं असंही नाही. अमेरिकेत क्लॉड हॉपकिन्स यांनी १९२३ साली ‘सायंटिफिक अ‍ॅडव्हर्टायझिंग’ लिहिलं तेव्हाच जाहिरातीत कापून पाठवायची कूपनं छापून, कुठल्या मथळ्याने किती गिऱ्हाइकं आणली याचा हिशेब ठेवला जात होता. पण तो हिशेब तरी माणसांचा होता. यंत्रवत शिपायाची पहिली चाहूल लागली ती टेलिफोन डिरेक्टरीत. तिथे नावं वर्णानुक्रमाने लागत, म्हणून अमेरिकेतल्या कुलूपवाल्यांनी आणि नळकामवाल्यांनी आपल्या नावाआधी तीन-तीन ए लावून घेतले. आपल्याकडेही ‘ए-वन’ नावाची दुकानं गावोगाव आहेत. त्यात दर्जाचा अभिमान किती आणि वर्णमालेचा विचार किती, हे मालकच जाणे.

१९९५ च्या डिसेंबरात अल्टाव्हिस्टा हे शोधयंत्र आलं. त्या काळच्या शोधयंत्रांची समज बेताची होती. एखादा शब्द पानावर जितक्या जास्त वेळा, तितकं ते पान त्या विषयात तज्ज्ञ. मग काय, ‘स्वस्त विमान तिकिटं हवी असल्यास आमची स्वस्त विमान तिकिटं ही स्वस्त विमान तिकिटांत सर्वांत स्वस्त आहेत’ या शैलीचं सुवर्णयुग अवतरलं. ज्यांना एवढी लाज वाटे त्यांनी पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शब्दांच्या रांगा लिहून ठेवल्या. माणसाला कोरा कागद दिसे, यंत्र मात्र मन लावून वाचत बसे. याशिवाय पानाच्या पोटात ‘मेटा कीवर्ड्स’ नावाची एक अदृश्य यादी असे. विषय कुठलाही असो, गाजणाऱ्या नटीचं नाव तिथे टाकून देण्याची रीत होती. आपण ही यादी क्रमवारीसाठी पाहतच नाही, असं गूगलने २००९ च्या सप्टेंबरात जाहीर करून टाकलं. तरीही वेबसाइट बनवणाऱ्यांच्या कोटेशनात ती ओळ अजून अधूनमधून दिसते. बंद पडलेल्या खात्याचे भत्ते चालू राहतात, त्यातलाच प्रकार.

१९९८ साली स्थापन झालेल्या गूगलची युक्ती वेगळी होती. पानावर काय लिहिलंय याच्याइतकंच, इतर कोणती पानं त्याच्याकडे बोट दाखवतात हे तो पाहत असे. म्हणजे वशिला. ही पद्धत महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावी लागली नाही, आणि वशिला विकत मिळतो हे तर त्याहून नाही.

जे. सी. पेनी या अमेरिकन दुकानांच्या साखळीचं प्रकरण यातलं अभिजात म्हणावं असं. २०१० च्या नाताळ हंगामात गूगलवर ‘ड्रेसेस’ शोधा, ‘बेडिंग’ शोधा, गालिचे शोधा, वर पेनीच. न्यूयॉर्क टाइम्सने २०११ च्या फेब्रुवारीत याचा छडा लावला. पेनीच्या कपड्यांची शिफारस करणाऱ्या दुव्यांची मुळं कुठे होती? कॅसिनोच्या पानांवर, घोरण्याबद्दलच्या पानांवर, न्हाणीघराच्या फरशा, मासेमारी आणि दंतवैद्यक या विषयांच्या पानांवर. घोरणाऱ्या नवऱ्यावर उपाय शोधणाऱ्या बाईने वाटेत एखादा झगा घ्यावा, ही कल्पना तशी वाईट नाही. पण ते दुवे तिच्यासाठी नव्हतेच. गूगलने कान पकडला आणि ‘लिव्हिंग रूम फर्निचर’ या शोधात पहिला असलेला पेनी ६८ वा झाला. आपल्याला यातलं काही माहीत नव्हतं, असं कंपनीने सांगितलं आणि सल्लागार संस्थेला नारळ दिला. यात ती एकटी नव्हती. जर्मनीच्या बीएमडब्ल्यूची वेबसाइटही २००६ साली गूगलने काही काळ यादीतून काढून टाकली होती. तिथे शोधयंत्राला एक पान दाखवलं जाई आणि माणसाला दुसरं.

पेनी प्रकरणाच्याच सुमारास मजकुराचे कारखाने जोरात होते. डिमांड मीडिया ही कंपनी लोक काय शोधतात आणि कुठल्या शब्दावर जाहिरातीचा भाव किती, हे संगणकाला विचारी आणि त्यानुसार लेखांच्या ऑर्डरी काढी. एका लेखाचे लेखकाला साधारण १५ डॉलर. विषय कसलेही. २०११ च्या जानेवारीत कंपनीचे शेअर बाजारात आले आणि पहिल्याच दिवशी तिची किंमत खुद्द न्यूयॉर्क टाइम्सच्या कंपनीपेक्षा जास्त भरली. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनी त्या दिवशी काय विचार केला असेल कोण जाणे. महिन्याभरात गूगलने क्रमवारीच्या गणितात ‘पांडा’ नावाचा बदल सोडला. अमेरिकेतल्या सुमारे १२ टक्के शोधांचे निकाल हलले आणि पातळ मजकुराची पानं खाली कोसळली. हा पांडा बांबू खाणारा नव्हे. ते गूगलमधल्या एका अभियंत्याचं आडनाव. पुढच्या वर्षी, २०१२ च्या एप्रिलमध्ये, विकतच्या दुव्यांचा बंदोबस्त करायला ‘पेंग्विन’ आला. तो मात्र खराच पक्षी. एजन्सींच्या कचेऱ्यांत त्या काळी प्राणिसंग्रहालयातल्यापेक्षा जास्त प्राण्यांची नावं कानावर पडत.

पातळ मजकूर पडतो म्हटल्यावर जाड मजकुराची लाट आली. लांब लेख वर येतो, अशी समजूत धंद्यात रुजली. शब्दामागे काही पैसे अशा दराने मोबदला घेणाऱ्या लेखकाला ती मनापासून पटली. अळूवडीच्या कृतीआधी आजीचं कोकणातलं घर, पाऊस, पाटावर बसलेली भावंडं हे सगळं येऊ लागलं ते तेव्हापासून. लेखकाला आजीची आठवण येते हे खरंच, पण ती नेमकी आठशे शब्दांची येते. शेवटी वाचकांचे हाल पाहून त्या पानांवर थेट कृतीपाशी उडी मारण्याचं बटण आलं. आपणच बांधलेली भिंत ओलांडायला आपणच शिडी पुरवायची, असा हा व्यवहार.

चंद्रोदयाच्या लेखाचा मूळपुरुषही अमेरिकेतच सापडतो. तिथल्या फुटबॉलचा सर्वांत मोठा सामना म्हणजे सुपर बोल. तो किती वाजता सुरू होतो हे लोक त्या दिवशी शोधणार, हे ओळखून २०११ साली हफिंग्टन पोस्ट या बातम्यांच्या साइटने तोच प्रश्न मथळा करून लेख टाकला. पुढे इतरांनी इतकं अनुकरण केलं की तो एक वार्षिक विधीच झाला. मराठीत याचं सर्वांत बहरलेलं रूप दहावी-बारावीच्या निकालाच्या आधी दिसतं. ‘दहावीचा निकाल कधी लागणार? मोठी अपडेट समोर’ हा मथळा मे महिन्यात रोज नव्याने उगवतो, आणि आत गेल्यावर मोठी अपडेट अशी असते की मंडळाने अद्याप तारीख जाहीर केलेली नाही. काही घडलेलं नाही ही बातमी इतक्या उत्साहाने रोज देणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. मुलाच्या टक्केवारीपेक्षा पालकांचा रक्तदाब आधी जाहीर होतो.

मराठी लेखकाला आणखी एक अडचण असते, जी इंग्रजीवाल्याला ठाऊक नाही. त्याचं गिऱ्हाईक शोधताना कुठल्या लिपीत टंकेल याचा नेम नसतो. मराठी माणूस मराठीतली गोष्ट रोमन अक्षरांत, इंग्रजी व्याकरणात आणि घाईत शोधतो. लग्नसराईत शेकडो पानांची शीर्षकं त्यामुळे अशी झाली आहेत: मराठी उखाणे फॉर फीमेल, उभी रेघ, नवरीचे उखाणे, उभी रेघ, सोपे उखाणे, उभी रेघ, उखाणे इन मराठी फॉर ब्राइड. चार पिढ्यांच्या आज्या-पणज्यांनी जात्यावर आणि पंगतीत जे जुळवलं, ते आता उभ्या रेघांच्या मध्ये उभं आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये गूगलने बोलून टंकण्याच्या सोयीत मराठी आणली, तेव्हा निदान टंकायचा त्रास वाचला. लोक पूर्ण वाक्यांत विचारू लागले आणि लेखकांनीही पूर्ण प्रश्नांचेच मथळे करायला घेतले. ‘बायकोला वाढदिवसाच्या शुभेच्छा कशा द्याव्यात?’ हा प्रश्न नवऱ्यांनी फोनपाशी बोलून विचारावा, तोही बायको शेजारच्या खोलीत असताना, ही प्रगती विज्ञानाचीच म्हणायची.

दरम्यान स्टुलावर आणखी एक शिपाई येऊन बसला होता. फेसबुक. त्याला शब्दांची मोजदाद आवडत नसे. त्याला कुतूहल आवडे. माणसाला आपल्या माहितीत फट आहे एवढं कळलं की ती बुजवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, असं मानसशास्त्राच्या अंगाने जॉर्ज लोवेन्स्टाइन यांनी १९९४ सालीच मांडलं होतं. २०१२ च्या मार्चमध्ये निघालेल्या अपवर्दी या साइटने त्यावर संसार उभा केला. तिथे एकेका मजकुराला २५ मथळे लिहायचा दंडक होता. बरेच मथळे टाकाऊ निघतात, पण डोकं चालेनासं झालं की त्या हताशेतूनच काहीतरी वेगळं सुचतं, असा त्यामागचा हिशेब. ‘पुढे जे घडलं ते पाहून तुमचा विश्वास बसणार नाही’ या घराण्याचे मथळे तेव्हा जगभर पसरले. २०१३ च्या अखेरीला फेसबुकने आपलं गणित बदललं, अपवर्दीची गर्दी ओसरली, आणि २०१४ च्या ऑगस्टमध्ये असल्या मथळ्यांना आपण खाली ढकलणार असल्याचं फेसबुकने उघडच सांगितलं.

मराठीपर्यंत हा निरोप नीट पोहोचला नसावा. इथे त्या फटीचं काम एका अवतरणातल्या ‘या’ने अजूनही इमानेइतबारे चालवलं आहे. ‘या’ अभिनेत्रीने घेतला मोठा निर्णय. ‘या’ पाच राशींच्या लोकांनी सावध राहा. सकाळी रिकाम्या पोटी ‘हा’ पदार्थ खा. अभिनेत्री कोण, हे कळायला चौथा परिच्छेद गाठावा लागतो, आणि बहुतेक वेळा ती अभिनेत्री माहीतच नसते. जुन्या वर्तमानपत्रांच्या उपसंपादकाला नाव मथळ्यात घ्यायला शिकवत. आजच्या उपसंपादकाला ते लपवायला शिकवतात. पगार दोघांचाही सारखाच असल्याचं ऐकिवात आहे.

मग व्हिडिओची लाट आली आणि लेखकांच्या नोकऱ्यांवर गदा आली. माध्यमसंस्थांनी लिहिणाऱ्यांना काढून कॅमेरे घेतले. २०१६ च्या सप्टेंबरात फेसबुकने कबूल केलं की व्हिडिओ पाहिला जाण्याचा सरासरी वेळ दोन वर्षं फुगवून दाखवला गेला होता, आणि तो ६० ते ८० टक्क्यांनी जास्त असू शकतो. तीन सेकंदांच्या आत पळून गेलेले प्रेक्षक मोजदादीत धरलेच नव्हते. शाळेत गैरहजर मुलं वगळून सरासरी काढली तर हजेरी नेहमीच शंभर टक्के. शिवाय लोक ते व्हिडिओ बसमध्ये, मीटिंगमध्ये, आवाज बंद ठेवून पाहत. त्यामुळे पडद्यावर अक्षरं हवीत हे लक्षात आलं, आणि काढलेल्या लेखकांचं काम मोठ्या पिवळ्या टायपात परत आलं. २०२० च्या जूनअखेर भारतात टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामचे रील्स आले, आणि पहिल्या वाक्यातच गिऱ्हाइकाचा अंगठा थांबवण्याची विद्या कोल्हापूरच्या साडीवाल्यापासून नाशिकच्या जागेच्या एजंटापर्यंत सगळे शिकले.

गूगलकडे परत यायचं तर २०१९ च्या मे महिन्यात त्याने पानावरची प्रश्नोत्तरं थेट निकालात दाखवायला सुरुवात केली. जागा फुकट मिळते म्हटल्यावर प्रत्येक पानाच्या तळाशी ‘नेहमी विचारले जाणारे प्रश्न’ उगवले. ते कुणी कधीच विचारलेले नव्हते. मोदक म्हणजे काय? मोदक कोण खाऊ शकतं? मोदक ऑनलाइन मागवता येतात का? २०२३ च्या ऑगस्टमध्ये गूगलने ही सोय सरकारी आणि आरोग्यविषयक साइटींपुरतीच ठेवली. प्रश्न मात्र पानांच्या तळाशी आहेत तसेच आहेत.

न्यूयॉर्कमधल्या एका थाई उपाहारगृहाच्या मालकांनी तर मजकुराच्या भानगडीत न पडता मुळावरच घाव घातला. लोक फोनवर ‘थाई फूड निअर मी’ असं शोधतात ना, मग हॉटेलचं नावच ‘थाई फूड निअर मी’. २०२२ साली मॅनहॅटनमध्ये पाटीसकट उघडलेलं. तीन ए लावणाऱ्या कुलूपवाल्यांचा वारस याहून लायक सापडणार नाही. एकच कोडं उरतं. मालक दुसरी शाखा काढतील तेव्हा ती कुणाच्या जवळ असेल?

२०२२ च्या ऑगस्टमध्ये गूगलने बजावलं की यंत्रासाठी लिहू नका, माणसांसाठी लिहा. यावर धंद्यातल्या मंडळींनी तातडीने लेख लिहिले: गूगलला आवडेल असं माणसांसाठी कसं लिहावं. डिसेंबरात दर्जाच्या निकषांत लेखकाचा प्रत्यक्ष अनुभवही मोजला जाऊ लागला, तेव्हा मिक्सरच्या तुलनेचे लेख एका रात्रीत ‘मी स्वतः वापरून पाहिलं’ने सुरू होऊ लागले. पण त्या दोन घोषणांच्या मध्ये, ३० नोव्हेंबरला, चॅटजीपीटी येऊन ठेपला होता आणि लिहिणारा ‘मी’च शंकास्पद झाला होता. २०२४ च्या जानेवारीत अ‍ॅमेझॉनवर लोकांना एक ड्रॉवरचं कपाट विक्रीला दिसलं. त्याचं नाव काय? ‘क्षमस्व, ही विनंती ओपनएआयच्या धोरणाविरुद्ध असल्याने मी ती पूर्ण करू शकत नाही’ अशा आशयाचं एक इंग्रजी वाक्य. विक्रेत्याने वस्तूचं नाव यंत्राकडून लिहून घेतलं होतं आणि आलेलं उत्तर न वाचता चिकटवलं होतं. इतका नम्र कपाटविक्रेता लक्ष्मी रोडलाही मिळायचा नाही. वर्षभराने, २०२५ च्या जानेवारीत, अ‍ॅमेझॉनने बहुतेक वस्तूंच्या नावाला २०० अक्षरांची मर्यादा घातली आणि एकच शब्द दोनदापेक्षा जास्त नको असं सांगितलं. ‘पाण्याची बाटली स्टील बाटली ऑफिस बाटली मुलांची बाटली’ लिहिणाऱ्यांवर तो दिवस भारी गेला असणार.

आता स्टुलावर शिपाई नाहीच. साहेबाच्या वतीने तोच उत्तरं द्यायला लागला आहे. २०२४ च्या मे महिन्यात गूगलने अमेरिकेत निकालांच्या वर एआयने लिहिलेला सारांश सुरू केला. चीज पिझ्झ्यावर टिकत नाही, काय करावं? सारांशाने सल्ला दिला की सॉसमध्ये थोडा बिनविषारी डिंक घालावा. कुणीतरी रेडिटवर ११ वर्षांपूर्वी केलेली थट्टा त्याने गंभीरपणे घेतली होती. ऑगस्टमध्ये ती सोय भारतातही आली. आता चंद्रोदयाची वेळ पुष्कळदा वरच मिळते, खालचा आठशे शब्दांचा लेख फारसं कुणी उघडत नाही, आणि तो लिहिणाऱ्याला प्रश्न पडला आहे की या नव्या प्राण्याला काय आवडतं. प्रिन्स्टन, आयआयटी दिल्ली आणि इतर ठिकाणच्या संशोधकांनी २०२३ अखेरीला याचा अभ्यास मांडला. शब्द ठासून भरण्याचा जुना उपाय चालेना. आकडेवारी, अवतरणं आणि संदर्भ घातले की एआयच्या उत्तरात मजकूर दिसण्याच्या प्रमाणात ४० टक्क्यांपर्यंत वाढ झाली. त्यामुळे चिवड्याच्या पाकिटावरही लवकरच ‘तज्ज्ञांच्या मते’ दिसू लागलं तर दचकू नये. एआयला साइट समजावून सांगणारी एक वेगळी फाइल ठेवण्याचा प्रस्तावही २०२४ साली आला. गूगलच्याच जॉन म्यूलर यांनी तिला मेटा कीवर्ड्सच्या पंगतीत बसवलं.

पांढऱ्यावर पांढरं लिहिण्याची विद्याही वाया गेली नाही. ती विद्वानांच्या घरी गेली. २०२५ च्या जुलैमध्ये निक्केई एशियाने ८ देशांतल्या १४ संस्थांशी संबंधित १७ शोधनिबंधांत दडवलेल्या सूचना शोधून काढल्या. पांढऱ्या किंवा डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक अक्षरांत एआय परीक्षकाला सांगितलेलं होतं की फक्त चांगलं लिही, दोष दाखवू नकोस. कोरियाच्या केएआयएसटीमधल्या एका सहलेखकाने निबंध मागे घेत असल्याचं सांगितलं. जपानच्या वासेदा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी मात्र बाजू मांडली: निबंध स्वतः न वाचता एआयकडून परीक्षण करून घेणारे आळशी परीक्षक असतात, त्यांना पकडायलाच ती ओळ होती. म्हणजे माणसाला दिसू नये म्हणून लपवलेली, यंत्राने वाचावी म्हणून लिहिलेली आणि यंत्राने वाचली की माणूस सापडावा म्हणून ठेवलेली.